साळूचे हात

पुणे,
२८ जानेवारी २०२५

ती. भागीरथा आत्यास,
दीक्षाचा सविनय जयभीम. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. कानाचं नवीन मशीन तू पुन्हा डबीत घालून ठेवलंस, असं तुझ्या नातवाने, अश्विनने, फोनवर सांगितलं. त्यात नुसती घरघर ऐकू येते हे मान्य, पण निदान रस्ता ओलांडताना तरी घालत जा. तुमच्या गोरखपूर मोहल्ल्याच्या बाजारातले ऑटोवाले तुझं वय पाहून थांबत नाहीत.

बातमी अशी की आपलं ‘सूप आणि कात्री’ नाटक लंडनला जायचं नक्की झालं. जूनमध्ये. तिकडे ते हिंदीत होणार आहे, गाणी तेवढी चालीसकट तीच राहतील. पासपोर्टचं तू विचारलं होतंस. त्याची घाई करू नकोस. शेजारच्या सत्यभामाकाकू विहाराच्या भिंतीवर माझ्या अभिनंदनाचा फलक लावणार आहेत म्हणे. तोही सध्या राहू दे.

एक काम आहे. आमचे दिग्दर्शक अंबरीश सर पुढच्या आठवड्यात जबलपूरला येतील. सोबत विनता नावाच्या बाई असतील, त्या सिनेमात काम करतात. त्यांना विडी वळताना बघायची आहे. आजीचं सूप आणि कात्री तुझ्याकडे आहे हे सरांना माहीत होतं, त्यांनीच तुझं नाव काढलं. मी नाही म्हणाले नाही. जमेल तेवढं दाखव, फार दमू नकोस.

बाकी ठीक. प्रयोग बंद आहेत, त्यामुळे झोप भरपूर होते.

लोभ आहे तेवढा राहू दे.
तुझी
दीक्षा


जबलपूर,
९ फेब्रुवारी २०२५

चि. दीक्षा हिस,
भागीरथा आत्याचा सप्रेम जयभीम आणि पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं की तार आल्यासारखं वाटतं. चार वर्षं रंगमंचावर अडीच-अडीच तास बोलतेस, आत्याला मात्र अर्धं पान. असो, लंडनची तयारी म्हणजे डोक्याला काय थोडा ताप असेल?

तुझे पाहुणे येऊन गेले. मझौलीच्या नथ्थूकडून तेंदूची पानं मागवून मी आदल्या दिवशीच भिजवून ठेवली होती. गल्लीत गाडी शिरली आणि सगळा मोहल्ला गोळा झाला. सत्यभामेच्या नातींनी फोटोसाठी अंगण तुडवलं, माझी कडेची कोथिंबीर गेली. मला काय, मी त्या बाईचा एकही सिनेमा पाहिलेला नाही. काहून एवढी वाळून राहिली, घरी जेवू घालत नाहीत का, असं मी तिला तोंडावरच विचारलं. अश्विनने डोळे वटारले. ती हसली आणि तिचं उत्तर त्याने पाटीवर लिहून दाखवलं. मला वाचून काही उलगडा झाला नाही, म्हणून मी तिच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. तिने ती खाल्ली, ताटही स्वतः घासलं. गुणाची आहे हो.

मला वाटतं, सट्टेदाराच्या बायकोचं काम करणारी तुमची ती मुलगी लग्न होऊन गेली, तिच्या जागी ही आली असेल. तरी एकदा मनात आलंच, की सट्टेदाराची बायको कुठे विड्या वळते? तो तर पानं-तंबाखू वाटणारा ठेकेदार, त्याची बायको सुपाला हात कशाला लावेल! मग म्हटलं, लंडनसाठी बदललं असेल काही.

तीन दिवस रोज यायची. पान कापणं, वळणं, तोंड मोडणं, दोरा बांधणं, सगळं शिकवलं. शेवटच्या दिवशी तुझ्या अंबरीश सरांनी पाटीवर लिहिलं, की दीक्षा विडी कानाशी नेते ते कुठलं? मी म्हटलं, ते तर आमच्या आईचं. दोरा बांधायच्या आधी ती विडी कानाशी धरून चिमटीत फिरवायची, तंबाखू सर्दला आहे की कोरडा ते ऐकायची. आता मला ढिम्म ऐकू येत नाही, तरी हात जातोच कानाशी. ते दाखवलं. विनता तीनदा चुकली, चौथ्यांदा असं केलं की मला तूच बसलीस असं वाटलं. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तुझी मैत्रीण ती माझी भाचीच.

नागपूरला मी तुझा प्रयोग पाहिला, तेव्हा एक अक्षर कानात शिरलं नव्हतं. पण तू विडी कानाशी नेलीस आणि मला समोर आई दिसली. ते लंडनमध्ये एकदा पाहायचं आहे, मग डोळे मिटले तरी चालतील. तुझं न ऐकता पासपोर्ट काढला. फोटोत मी चोरासारखी दिसते.

मायेला कात्री लावू नकोस.
तुझी
भागीरथा आत्या


पुणे,
१८ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास,
सविनय जयभीम. वि. वि.

तुझं पत्र चार दिवस टेबलावर होतं. 

विनता सट्टेदाराची बायको करणार नाही. ती साळू करणार आहे, माझी विडीवाली साळू. लंडनमध्ये साळू मी नाही.

६ जानेवारीला अंबरीश सरांनी मला तालमीच्या हॉलखालच्या कँटीनमध्ये सांगितलं. तिकडच्या थिएटरवाल्यांना पोस्टरवर ओळखीचा चेहरा लागतो, नाहीतर ते तारखाच देत नाहीत. सरांनी चहा मागवला. मी तो प्यायले, कप परत नेऊन ठेवला आणि रिक्षाने घरी आले. मला काही वाटलं नाही. अजूनही वाटत नाही. दाढ काढताना भूल देतात, मग आपण गालाला बोट लावून बघतो ना, तशी मी रोज सकाळी स्वतःला चाचपून बघते.

त्यांनी मला एक वही करायला सांगितली. साळू कुठे उभी राहते, कोणत्या ओळीआधी श्वास घेते, सूप कोणत्या मांडीवर ठेवते. मी त्र्याऐंशी पानं लिहिली. अक्षर चांगलं काढलं. एकच गोष्ट लिहिली नाही, विडी कानाशी नेण्याची. ते माझ्यापाशी राहू दे असं वाटलं. पण सरांनी चार वर्षं ते पाहिलं होतं. वहीत नाही म्हटल्यावर ते तुझ्याकडे आले.

तुझी काही चूक नाही. मी तुला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर ते खरं झालं असतं, म्हणून सांगितलं नाही. अश्विनला मोबाइलवर कळलं होतं, मीच त्याला गप्प बसवलं. त्याला रागावू नकोस.

विनता वाईट नाही, हे तू लिहिलंस ते बरोबर आहे. तिने मला फोन करून रडत माफी मागितली. मीच तिची समजूत काढली.

आता मला राखीव म्हणून लंडनला न्यायचं म्हणतात. रोज संध्याकाळी रंगभूषा करून एका खोलीत बसायचं. विनताला ताप आला तर मी उभं राहायचं, नाहीतर रंग पुसून खोलीवर जायचं. दहा मार्चपर्यंत उत्तर द्यायचं आहे. जाऊ का? तू सांगशील ते करीन. मला स्वतःला हो आणि नाही सारखंच वाटतं आहे.

लोभ कमी झाला असेल तर तसं लिही.
तुझी
दीक्षा


जबलपूर,
२७ फेब्रुवारी २०२५

चि. दीक्षा हिस,
आत्याचा जयभीम आणि आशीर्वाद.

लोभ कमी व्हायला तो काय दुधाचा रतीब आहे? असलं पुन्हा लिहू नकोस.

अश्विनला रागावलेच. दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. तसं तो बोललेलं मला ऐकू येत नाही, त्यामुळे त्याला फरक कळायला वेळ लागला. मग नेपियर टाउनहून क्लास सुटल्यावर माझ्यासाठी खोव्याची जलेबी घेऊन आला आणि पायाशी बसून राहिला.

खरा राग माझा मलाच आला आहे. तू एक गोष्ट झाकून ठेवलीस आणि मी ती पाटावर बसवून, जेवू घालून, आशीर्वादासकट देऊन टाकली. तुझ्या जागी दुसरी कोणी असती तर या म्हातारीला बोल लावला असता. तू लावला नाहीस, त्याचं मला जास्त लागलं.

तू विचारलंस म्हणून एक सांगते. तुझ्या आजीची, इंदिराबाईची गोष्ट आहे. आमच्या लहानपणी सट्टेदार विड्या मोजून घ्यायचा, तेव्हा छाट काढायचा. ही सैल, ती वाकडी. छाट परत मिळत नसे. ती वेगळ्या टोपलीत पडायची आणि चांगल्या विड्यांसारखीच बाजारात जायची. सगळ्यांना माहीत होतं, कोणी बोलत नसे. एकदा आईने काय केलं, छाट काढलेल्या विड्या टोपलीत पडायच्या आधी मुठीत धरल्या आणि चुरा करून त्याच्या पुढ्यात टाकल्या. म्हणाली, माझ्या नाहीत तर तुमच्याही नाहीत.

ही गोष्ट तुझ्या वडिलांना, आपल्या देवीदासला, फार आवडायची. फॅक्टरीत जेवणाच्या सुटीत तो सगळ्यांना सांगायचा. पण तो इथेच थांबायचा. पुढचं मी सांगते. सट्टेदाराने महिनाभर पानं दिली नाहीत. घरात पेज शिजायची, तीही एक वेळ. देवीदास तान्हा होता, त्याला काय आठवणार? मग आई पुन्हा त्याच दारात जाऊन बसली. त्या खेपेला त्याने छाट काढली, आईने ती मोडली नाही. मी शेजारी होते. तिचे हात मांडीवर नुसते पडले होते.

हे धडा म्हणून लिहीत नाही. मोडली तेव्हाही ती माझी आईच होती, नाही मोडली तेव्हाही. तू जा किंवा राहा. मी हो म्हणणार नाही, नाहीही म्हणणार नाही. एकदा न विचारता देऊन बसले आहे, आता तोंड बंद.

पासपोर्ट ट्रंकेत ठेवला. बँकेत ओळखीला चालतो म्हणे, अगदीच वाया गेला नाही.

आमच्याकडून माया उणी पडायची नाही.
तुझी
आत्या


पुणे,
१० मार्च २०२५

ती. आत्यास,
सविनय जयभीम. वि. वि.

आज नाही कळवलं. निश्चय वगैरे काही नव्हता. राखीव खोलीचा फोटो त्यांनी पाठवला होता, आरसा, खुर्ची, भिंतीवर घड्याळ. तो पाहताना वाटलं, मी त्या घड्याळाकडे बघत बसणार आणि एका बाईला ताप यावा अशी रोज इच्छा करणार. तिने तुझं ताट घासलं आहे. ते मला जमणार नाही.

वही मात्र दिलेलीच आहे, ती परत मागितली नाही. म्हणजे छाट मी मोडलीही नाही. टोपलीत बसायला तेवढी गेले नाही.

एका शाळेत मुलांना नाटक शिकवायचं काम मिळालं आहे. मुलं गोड आहेत असं सगळे म्हणतात.

लोभ ठेव, मी आपली जिथल्या तिथे आहे.
तुझी
दीक्षा


जबलपूर,
२४ जून २०२५

चि. दीक्षा हिस,
आत्याचा जयभीम आणि आशीर्वाद.

तीन महिने तू नुसती ‘ठीक आहे’ची कार्डं पाठवलीस. मीही तशीच उत्तरं दिली. आज लिहिणं भाग आहे.

काल लंडनहून एक पाकीट आलं. विनताने पाठवलं आहे. आत नाटकाचं छापील पुस्तक, गुळगुळीत कागदाचं, आणि तिची हिंदीत चिठ्ठी, की प्रयोग गर्दीत चालू आहेत आणि तुमची भाकरी आठवते. पुस्तकात शेवटी आभाराचं पान आहे. अश्विनने वाचलं आणि वाचता वाचता थांबला. मी त्याच्या हातातून पुस्तक घेतलं. इंग्रजी मला थोडं लागतं. तिथे लिहिलं आहे, ‘साळूचे हात ज्यांनी शिकवले त्या भागीरथाबाई, जबलपूर.’

मतदारयादी सोडली तर माझं नाव आजवर कुठे छापून आलेलं नाही. मी तुझं नाव शोधलं. पहिल्या पानापासून, दिवे लावणाऱ्यांच्या यादीपर्यंत. अश्विननेही दोनदा शोधलं. तू कुठेच नाहीस. हे नाटक आधी भारतात झालं, एवढी एक ओळ आहे.

अश्विनने मोबाइलवर दोन मिनिटांचा तुकडाही दाखवला. सत्यभामेने पाटीवर लिहिलं, आवाज तुझ्यासारखा नाही. ते मला कळत नाही. मी हात पाहिले. दीक्षे, तुला खोटं लिहिणार नाही. तिने विडी कानाशी नेली आणि ती अगदी आईच होती. मला क्षणभर आनंद झाला. मग मला माझीच शिसारी आली.

आता सत्यभामेला ते पुस्तक पौर्णिमेला विहारात वाचून दाखवायचं आहे. माझा सत्कार करायचा म्हणते, शाल आणली आहे. गोरखपूरची बाई लंडनला छापून आली, असं सगळ्या बायांना सांगत फिरून राहिली आहे. मी तिला नाही म्हटलं. ती रुसली, म्हणाली एवढा काय तो तोरा. तिला सगळं सांगत बसले नाही.

दुपारी ट्रंकेतून आईची कात्री काढली. पान कापतात तशी, कड न फाटू देता, माझ्या नावाची ओळ कापून घेतली. ती या पत्रासोबत पाठवते आहे. ती तुझी आहे. मूठ आवळायची की जपून ठेवायची, ते तुझं तू ठरव. मी काहीच विचारणार नाही.

जीव लावलास, तो तसाच लावत राहा.
तुझी
आत्या


पुणे,
१ जुलै २०२५

ती. आत्यास,
सविनय जयभीम. वि. वि.

पत्र मिळालं, आतली चिठोरीही मिळाली. एवढीशी आहे, पंख्याने उडाली आणि मला ती खाटेखाली शिरून शोधावी लागली. शोधताना लक्षात आलं, की मी घाबरले होते. जानेवारीनंतर पहिल्यांदा कशाचं तरी काही वाटलं.

मी ती मोडली नाही. नवीन वही आणली आणि पहिल्या पानावर चिकटवली. मागच्या वहीत जे लिहिलं नव्हतं ते खाली लिहिलं, विडी कानाशी कशी न्यायची, चिमूट किती घट्ट. मग ज्यांचे हात तसे जातात त्यांची नावं लिहिली. इंदिरा, भागीरथा, दीक्षा. शेवटी चौथं नाव विनताचंही लिहिलं. मला ते लिहायचं नव्हतं, पण ते खरं आहे.

रविवारी सकाळी पोचते. अश्विनला स्टेशनवर पाठवू नकोस, मी ऑटोने येईन. शाल परत करू नकोस, सत्यभामाकाकूंना सांग पौर्णिमेला मीच ती तुझ्या खांद्यावर घालीन. शनिवारी पानं भिजवून ठेव. साळू करायची नाही, गाणं म्हणायचं नाही, नुसत्या विड्या वळायच्या आहेत, एक कट्टा, म्हणजे एक जुडी भरेल एवढ्या. सहा महिन्यांत माझा हात नक्की बिघडला असणार.

छाट तू काढ. पण टोपली ठेवायची नाही, वाकड्या विड्या माझ्याच पदरात टाक.

तुझी
दीक्षा