एका मुलीचे तीन दाखले

जळगाव,
२३ जून १९९२

ती. नाना यांस,
प्रमिलाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

मी इकडे खुशाल आहे. लताबाईंच्या खोलीत आम्ही तिघी राहतो. पाणी सकाळी एकदाच येतं आणि घरमालकीण म्हणून लताबाई स्वतः नळाशी पहारा देतात, त्यामुळे अंघोळीला परवानगी काढावी लागते. आईला सांगा, जेवण बरं आहे, वांग्याचं भरीत मात्र तिच्या हातचं नाही.

विद्यापीठात तीन अर्ज भरले: रसायनशास्त्र, ग्रंथालयशास्त्र आणि पत्रकारिता. मला हवं आहे रसायनशास्त्रच, पण त्याची यादी सगळ्यांत शेवटी लागणार. घोळ असा आहे की यादीत नाव आलं की दोन दिवसांत कॉलेज सोडल्याचा अस्सल दाखला जमा करायचा, आणि एकदा जमा केला की महिनाभर परत मिळत नाही. अर्ज तीन आणि दाखला एक. ग्रंथालयाला दिला तर रसायन जाईल, रसायनासाठी राखला आणि तिथं नाव आलं नाही तर हात हलवत घरी.

घरी आले की काय होणार ते मला माहीत आहे. प्रवेश मिळाला नाही तर दिवाळीनंतर रावेरचं स्थळ, हे तुम्ही आत्याला कबूल करून बसला आहात. मुलगा चांगला असेल, केळीचा मळाही मोठा असेल, पण मला शिकायचं आहे, नाना. कोणत्या विभागाला दाखला देऊ ते लवकर कळवा.

आईला नमस्कार. लोभ आहेच, त्यात सल्ल्याची भर घालावी.
आपली,
प्रमिला

धुळे,
२८ जून १९९२

चि. प्रमिला हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचले. कॉलेजच्या हेडक्लार्कची लेक एका दाखल्यासाठी रडते, हे काही मला शोभले नाही. सोबत रजिस्टरने दोन दाखले पाठवीत आहे. तुझ्याजवळचा एक धरून झाले तीन. तिन्ही अस्सल. दुसरी प्रत दिली तर तिच्यावर लाल शाईने तसे लिहावे लागते, तो शेरा मी मारलेला नाही. नंबर वेगवेगळे आहेत, पण ते बघतो कोण?

आमचे प्राचार्य जूनमध्ये गावी जाण्याआधी पन्नास कोऱ्या दाखल्यांवर सह्या करून कपाटात ठेवून जातात. पोरांची अडचण नको म्हणून. नावे मी भरतो. एकवीस वर्षे दुसऱ्यांच्या पोरांची नावे भरली, आता दोनदा आपल्या पोरीचे भरले. मार्चमध्ये निवृत्त होणार, त्याआधी खात्याचा एवढा उपयोग चालतो.

जिथे नाव येईल तिथे एक एक देऊन टाक. रसायन मिळाले की बाकीचे दोन परत घे आणि फाडून टाक. कोणापाशी बोलू नकोस. आईलाही सांगितलेले नाही, तिच्या पोटात काही राहत नाही.

अभ्यासात मन असू दे, आमची माया तुझ्यामागे आहे.
तुझा,
नाना

जळगाव,
२५ जुलै १९९२

ती. नाना यांस,
शि. सा. न. वि. वि.

रसायनशास्त्राला प्रवेश मिळाला. यादीत सातवं नाव आहे. काल प्रयोगशाळेत पांढरा कोट घालून उभी राहिले तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. गंमत म्हणजे बाकीच्या दोन्ही याद्यांतही नाव आलं होतं, आणि तुम्ही सांगितल्याप्रमाणे मी तिन्हीकडे दाखले दिले होते.

ते दोन परत घ्यायला गेले तर दोन्ही विभागांनी तेच सांगितलं. कागद पात्रता विभागात गेले. प्रत्येक विभागाचे कागद तिथंच जातात, नाना. विभाग वेगळे असले तरी विद्यापीठ एकच, हे आपल्या दोघांच्याही डोक्यात कसं आलं नाही? तिथं पंडित म्हणून एक वयस्कर गृहस्थ आहेत. ते आडनावाप्रमाणे कागद लावत होते. मी नाव सांगितल्यावर म्हणाले, पाटील पुष्कळ आहेत, पंधरवड्यानंतर या. मी परत आले. मला भीती वाटते.

सांभाळून असा आणि माझ्यावर लोभ असू द्या.
आपली,
प्रमिला

धुळे,
२ ऑगस्ट १९९२

चि. प्रमिला हिस,
अ. उ. आ.

सातवा नंबर आला, तुझ्या आईने गल्लीत पेढे वाटले. रावेरला नकार कळवून टाकला. आत्या फुगली आहे, राखीपर्यंत उतरेल. उखर्डू शिपाई तर कॉलेजभर सांगत फिरतो की आपली प्रमिला सायंटिस व्हयनी. त्याच्या बायकोने तुझ्यासाठी ज्वारीचे बिबडे-पापड दिले आहेत, शेजारच्या लोटनबरोबर पाठवतो.

पंडित आहेत तर असू देत. पाटलांच्या ढिगात तुझे तीन कागद कोण जुळवणार? आणि जुळवलेच तर पत्र प्राचार्यांना येणार. आवकचे टपाल कोण फोडते? मीच. तेव्हा निजताना उशाला पुस्तक ठेव, काळजी ठेवू नकोस.

सर्वांचे आशीर्वाद आहेतच.
तुझा,
नाना

जळगाव,
२१ ऑगस्ट १९९२

ती. नाना यांस,
शि. सा. न. वि. वि.

जुळवले. पंडितांनी आज बोलावून तिन्ही दाखले माझ्यासमोर टेबलावर ओळीने मांडले. आवाज चढवला नाही. यातला खरा कोणता, एवढंच विचारलं. मी म्हटलं, कॉलेजात विचारून सांगते. ते म्हणाले, आम्हीच विचारतो. तोवर माझं ग्रंथालयाचं कार्ड अडवून ठेवलं आहे.

पत्र दडवू नका, नाना. तुम्ही स्वतःच प्राचार्यांना सांगून टाका, ते तुम्हाला मानतात. मी हात जोडून विनवते.

आपली,
प्रमिला

धुळे,
१७ सप्टेंबर १९९२

चि. प्रमिला हिस,
अ. उ. आ.

तुझे म्हणणे तेव्हा ऐकले असते तर बरे झाले असते. विद्यापीठाची दोन पत्रे मी खणात ठेवली. तिसरे रजिस्टरने आले. त्या दिवशी मी जामनेरला तुझ्या आईच्या मामांच्या दहाव्याला गेलो होतो. ते थेट प्राचार्यांच्या हाती पडले. त्यात फक्त दाखल्यांचे नंबर होते, तुझे नाव नव्हते.

प्राचार्यांनी कपाटातले कोरे दाखले नोंदवहीशी ताडून मोजले. दोन कमी. कपाटाची किल्ली उखर्डूकडे असते. त्यांनी त्याला दुसऱ्याच दिवशी निलंबित केले. त्याने दाखले चोरून बाहेर विकले आणि कोणीतरी ते भरले, असा त्यांचा समज आहे. माझ्यावर तिळभर संशय नाही. उलट चौकशीचे लिखाण माझ्याकडेच दिले आहे. काल मी उखर्डूचा जबाब लिहिला. त्याला वाचता येत नाही. काय लिहिले ते त्याने विचारले नाही, नानाभाऊनी लिखं म्हणजे बराबरच राही, असे म्हणून अंगठा दिला. जबाबात चोरी कबूल आहे.

तू मला काय म्हणशील ते मला कळते. पण निवृत्तीला सहा महिने राहिले. नोकरी गेली तर पेन्शन गेले आणि तुझे शिक्षणही गेले. उखर्डूला मी मागून सांभाळून घेईन, शब्द देतो.

आता विद्यापीठ तुझा लेखी खुलासा मागेल. जादा दाखले कॉलेजच्या शिपायाने आणून दिले, एवढे एकच वाक्य लिही. तसे लिहिलेस तर पंडित अस्सल कागद इकडे पाठवणार नाहीत. पाठवले तर प्राचार्य माझे अक्षर ओळखतील. हे पत्र वाचून जाळून टाक.

तुझा,
नाना

जळगाव,
२५ सप्टेंबर १९९२

ती. नाना यांस,
शि. सा. नमस्कार.

तुमचं पत्र जाळलं. त्याआधी चारदा वाचलं, अंगठ्याच्या ओळीपुढे जायला मला फार वेळ लागला.

बारावीच्या परीक्षेला एसटी बंद होती तेव्हा ज्या उखर्डूकाकांनी मला सायकलवर केंद्रापर्यंत नेलं, त्यांना मी चोर म्हणू? तुम्ही ते लिहू शकलात याचा मला राग आहे, आणि तुम्ही ते माझ्यासाठी लिहिलंत म्हणून मला स्वतःचीही लाज वाटते.

आज दुपारी पंडितांपुढे बसून खुलासा लिहून दिला. माझा एकच दाखला खरा आहे, बाकीचे दोन माझ्या वडिलांनी भरून पाठवले आणि ते मी जाणूनबुजून जमा केले. शिपायाचा काहीही संबंध नाही. पंडितांनी कागद वाचला आणि मला पाणी दिलं. प्रवेश रद्द होईल, ते म्हणाले. मी पांढरा कोट धुऊन परत केला आहे.

माझा खुलासा आणि तिन्ही दाखले सोमवारी त्यांचा माणूस धुळ्याला घेऊन येणार, टपालाने नाही. लोटन आज इथं आला आहे, त्याच्याच हाती हे पत्र देते, म्हणजे तुमच्या हातात शनिवार आणि रविवार आहेत. आधी उखर्डूकाकांच्या घरी जा आणि त्यांनी ज्यावर अंगठा दिला ते त्यांना वाचून दाखवा. मग प्राचार्यांकडे जा. आईला काय सांगायचं ते तुम्हीच ठरवा.

मी रविवारी दुपारच्या गाडीने येते. स्टँडवर उतरून पहिल्यांदा मी उखर्डूकाकांच्याच घरी जाणार आहे. तुम्ही तिथं येऊन गेलात की नाही, हे मला त्यांच्याकडूनच कळेल.

तुमचीच,
प्रमिला