कुटारात घातलेला अननस

आसेगाव, बुधवार

ती. बेबीताईस सप्रेम जयभीम.

अक्षर वेडंवाकडं दिसेल, म्हणून आधी तक्रार आणि मग खुशाली. तू आणलेल्या अननसाच्या पानाचा काटा माझ्या उजव्या अंगठ्यात मोडला आहे. तुझ्या भाचीने, रूपाने सुई तापवून तो काढायला घेतला, तेव्हा तो आणखी आत गेला. एका कर्त्या माणसाला सदऱ्याचं बटण लावता येत नाही, चहाचा कप धरता येत नाही, आणि गावात कुणी साधी विचारपूस करत नाही. असो. तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींची साखर उतरली का? (उतरली असेल तर पत्र त्यांना वाचून दाखव. चढली असेल तर लपव, पुढे गोडाचा विषय आहे.) फोन न करता लिहितो, कारण फोनवर तू हसतेस.

तर अननस. जाताना तू तो भिवाजीकाकाच्या मांडीवर ठेवलास आणि बजावलंस, पिकलेलाच आहे, उद्यापर्यंत कापा. आम्ही सगळ्यांनी माना हलवल्या. तुझी गाडी वळणाआड गेली आणि घरात एकमत झालं की बेबी आता नागपूरची झाली, तिला फळ पिकवण्यातलं काय कळतं. अननसाची साल हिरवी होती. आपल्याकडे आंबा असो, सीताफळ असो, हिरवं फळ आलं की ते कुटाराच्या भुशात जातं, आणि कुटारात फळ घालावं तर काकानंच. अर्धं गाव आपले आंबे त्याच्याकडे आणून टाकतं. आणि तुला ठाऊकच आहे, ऐंशीच्या घरातल्या या माणसानं अननस खाल्ला तो फक्त क्रीमच्या बिस्किटातला. खरा एकदा चाखून पाहायचा, एवढंच त्यानं तुझ्याजवळ मागितलं होतं. महिनाअखेर त्याचा मुलगा अमरदीप त्याला कायमचा चाकणला नेणार होता. त्याच्या आत अननस पोटात जायला हवा, हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणून तर इतकी काळजी घेतली.

काकानं गोठ्याच्या कोपऱ्यात तुरीच्या कुटाराची गादी केली, अननस आडवा निजवला, वरून पोतं पांघरलं. (माझ्या लग्नात मला एवढं नीट कुणी निजवलं नव्हतं.) रूपाला मोबाइलवर सापडलं की शेंड्याचं पान सहज उपटून आलं तर फळ तयार. ही बातमी पसरायला नको होती. मग येणारा-जाणारा पोतं बाजूला करून एक पान ओढून पाहू लागला. ज्याला पान निघालं नाही तो म्हणे कच्चा आहे. ज्याला निघालं त्याला बाकीचे म्हणत, तू जोर लावला. शेजारची रंगूबाई दूध घ्यायला येई ती जाताना एक पान घेऊन जाई. माझा अंगठा याच संशोधनात गेला. आठवडाभरात अननसाला भाऊजींसारखं टक्कल पडलं, तरी निकाल लागेना. (भाऊजींना वाचून दाखवणार असशील तर हे वाक्य गाळ.)

एका सकाळी मी गोठ्यात गेलो तर काका कुटारात बसलेला, अननस उलटा धरून त्याच्या बुडाला नाक लावून. गोठाभर गोड वास होता. म्हणाला, "कापून टाक रे नरेंद्र. वास सुटला याले." आणि ताई, मी नको म्हणालो. मी म्हटलं, रविवारी कापू, चार लोकांना बोलावू, बुडाचा हिरवेपणाही तोवर जाईल. खरं म्हणजे मला सोहळा करायचा होता. काकाच्या तोंडात पहिली फोड जाते आहे, मी बाजूला उभा आहे, असा फोटो तुला पाठवायचा होता. काकानं अननस परत निजवला, वर पोतं टाकलं.

शनिवारी अमरदीप गाडी घेऊन दारात. कंपनीत सुट्टी पुढे मिळणार नव्हती म्हणून आधीच आला. घाईघाईत गाठोडं बांधलं, औषधं शोधली, आणि अननस कुणाला आठवला नाही. काकाला आठवला. गाडीत बसल्यावर काच खाली करून गोठ्याकडे पाहत म्हणाला, "पिकला की खाजा रे तुमी. मले सांगजो कसा लागते."

रविवारी कापला. चारच काय, चौदा लोक आले. बुडाकडून आंबलेल्या दारूसारखा वास, शेंड्याकडे चिंचेसारखा आंबट, मध्ये काळं पाणी. फोटो काढला नाही. तू फोनवर म्हणालीस की तोडलेला अननस पिकत नाही, नुसता नासतो, आणि हसलीस. ते आता सगळ्या गावाला कळलं आहे. ज्याला ते कळून उपयोग होता, तो एकच माणूस गावात नाही.

भाऊजींना जयभीम, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
नरेंद्र

ता. क. काकानं अमरदीपच्या फोनवरून विचारलं, कसा होता. मी सांगितलं, फार गोड. तुला विचारलं तर तूही तेच सांग.

ता. क. दुसरा. पत्र खरं तर यासाठी आहे. अमरदीपच्या नव्या खोलीचा पत्ता पाठव. निघताना मी विचारला नाही. विचारला असता तर काका चालला हे मान्य करावं लागलं असतं.

ता. क. तिसरा, चाकणहून. पत्र पेटीत टाकायचं राहिलं, पत्ता शेवटी तुझ्याकडून फोनवरच घेतला. तू हसलीस, पण या खेपेला थोडी कमी. कारंज्याच्या बाजारात जाऊन अननस घेतला. बुडाला पिवळा, हाताला जड, आणि नाक लावलं तर तोच गोठ्यातला वास. रात्रभर ट्रॅव्हल्समध्ये मांडीवर धरून आणला, पोतं पांघरलं नाही. पोचल्या पोचल्या कापला, फोडी डब्यात घालून मीठ-तिखट लावलं, पहिली फोड काकाला दिली. लहानपणी कुटारातला पहिला आंबा तो मला द्यायचा, तू रडायचीस, आठवतं? काकानं डोळे मिटून बराच वेळ चावला. मग म्हणाला, "बिस्किटासारखाच लागते लेका."

आणि डबा स्वतःकडे ओढून घेतला. मला एक फोडही दिली नाही. मी मागितलीही नाही.