पडवीतला खिळा

सारिग-सेप,
२७ सप्टेंबर

तेरेंतीस,

तुझी चिठ्ठी लावर नाववाल्याने काल आणून दिली. मधाचं मडकंही मिळालं. मी बरी आहे. बटाटे काढून तळघरात टाकले. आज तुमचा क्रूसाचा उपास. हे पत्र हातात पडेल तोवर तू जेवलेला असशील अशी आशा करते, उपाशी माणसाशी भांडायला मला आवडत नाही.

आधी तुझ्या उलिताच्या कानाचं. कान कोरडा आहे. डॉक्टरांनी परवा तपासला, आता पुन्हा यायची गरज नाही म्हणाले. फेब्रुवारीत तू तिला गोठलेल्या नदीवरून घसरगाडीत घालून आणलीस तेव्हा उशी पुवाने भिजली होती. "ताई, कांद्याचा रस झाला, मेणबत्त्या झाल्या, आता तुझे ते डॉक्टर बघ," असं तू माझ्या दारात उभा राहून म्हणालास. त्या दिवशी तुला बाहेरचं जग चाललं. आता कान बरा झाला, आणि तू लिहितोस की मी पोरीला बाटवली.

तू लिहितोस की माझ्या शाळेतली पोरं दारूच्या दुकानामागे पडलेली असतात. असतात. माझ्याच वर्गातली दोघं आहेत आणि मी त्यांना कॉलर धरून घरी पोहोचवते. तुमच्या वस्तीत दुकान नाही, घरोघरी मधाची दारू मुरत ठेवलेली असते. तुझ्या सासऱ्याला कुणी कॉलर धरून घरी नेल्याचं मला आठवत नाही.

तुझी मुलगी तेरा वर्षांची झाली तरी तिने नकाशा पाहिलेला नव्हता. वर्गातल्या भिंतीवर आपली नदी सापडली तेव्हा तिने बोट तिथेच दाबून धरलं.

"आत्या, ही पुढे कुठे जाते?"

मी दाखवत गेले, थेट समुद्रापर्यंत.

"बाबा म्हणतात, ती खाली जगात जाते."

"बरोबर म्हणतात," मी म्हटलं.

आता कपाचं. तू खरं त्यासाठीच लिहिलं आहेस: जुन्या श्रद्धेच्या घरातली पोर जगातल्या माणसाच्या भांड्यातून प्यायली, म्हणजे बाटली.

ती आली तेव्हा आपला वाडगा, लाकडी चमचा आणि पाण्याचा मग फडक्यात बांधून आली होती. मी तिला वेगळी फळी दिली. तिची भांडी तीच घासायची. शाळेतही स्वतःच्याच भांड्यात जेवायची. पोरं म्हणाली, "उलिताला कुत्रं चावलंय, म्हणून तिचं वेगळं." तिने मान वर न करता सांगितलं, "चावलंय तुम्हाला. मी जपून आहे." मी वर्गाबाहेर जाऊन हसून घेतलं.

माझ्या भांड्यातलं तिला मी कधी दिलं नाही. असल्या गोष्टी चोरून करायच्या नसतात, एवढं मला कळतं. बटाटे काढताना ऊन फार होतं. मी बादलीतून पाणी प्यायले आणि माझा कप बांधावर ठेवला. तिने तो उचलला, भरला आणि प्यायली.

"आत्या, मी प्यायले."

"पाहिलं."

"बाबांना सांगावं लागेल."

"ते तुझं तू बघ."

तिने लावरला गाठून स्वतःहून निरोप दिला. म्हणजे माझ्या घरात राहून ती खोटं बोलायला शिकली नाही, हे लक्षात घे. दुसऱ्या दिवशी पाहते तर दोन्ही गुडघे सोललेले. रात्रभर दंडवत घातले होते, तेही फरशीवर, खाली काही न अंथरता. हे तिला शाळेने शिकवलेलं नाही. आणि न्याहारीला तिने पुन्हा माझाच कप घेतला. मी मलमाची डबी पुढे सरकवली.

तुझी चिठ्ठी मी तिला वाचून दाखवली. मुलांपासून पत्रं लपवणं मला जमत नाही. तुझा हुकूम असा: याच नावेने परतायचं, चाळीस दिवस प्रायश्चित्त, तोवर घरच्या ताटाला हात लावायचा नाही. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग मी कशातून प्यायचं? पडवीतल्या आत्याच्या मगातून?"

तो निळा, टवके उडालेला पत्र्याचा मग. मी कॉलेज करून आले त्या उन्हाळ्यात आईने तो माझ्यासाठी पडवीत दाराशी खिळ्याला टांगला. त्यातून वनरक्षक पितात, गुरांचा डॉक्टर पितो, वाट चुकलेले शिकारी पितात. आई गेल्यावर चाळिसाव्या दिवशी जेवायला बसलो तेव्हा तुझ्या बायकोने, अन्फिसाने, मला त्यातच सरबत दिलं आणि तू वाडग्यात बघत राहिलास. मी प्यायले. इतकी वर्षं पीत आले, कारण ते तुझ्या-माझ्यातलं आहे असं मी धरून चालले होते. तुझी मुलं त्याला आत्याचा मग म्हणतात, हे मला काल कळलं.

लावर सकाळी येऊन दारात उभा राहिला. "बाई, पोरगी देताय की रिकामाच जाऊ?"

"रिकामे जा. दुपारी चिठ्ठी लिहून देते, तेवढी न्या."

"तेरेंती मला नदीत बुडवेल."

"पोहता येतं ना?"

उलिताला घरी यायचं आहे. आई हवी आहे, धाकटा भाऊ बघायचा आहे. आणि नदी गोठायच्या आत शाळेत परतायचं आहे. मी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा हेच उत्तर आलं, आणि दोन्ही वेळा ती माझ्याकडे न बघता बोलली. म्हणून तिला लावरबरोबर पाठवत नाही. शनिवारच्या नावेने मी स्वतः घेऊन येते. तुझ्या हवाली करायला नव्हे, भेटवायला. शेवटच्या नावेने आम्ही दोघी परत निघू. तू तिला अडवलंस तर मीही निघणार नाही, तुझ्या पडवीत बसून राहीन. माझं निवृत्तीचं वय झालेलं आहे, आणि तुझ्या पोरांना नकाशा तिथेही दाखवता येईल.

एका मगात दोघींचं भागायचं नाही. शनिवारपूर्वी दुसरा खिळा ठोकून ठेव. तुझ्या मुलीचा हात पोहोचेल इतपत खाली ठोक.

तुझी बाटलेली बहीण,
खारितिना