वेल्डिंगची पॅन्ट

१४ नोव्हेंबर १९९६
आज परत साडी जळाली. ट्रॉलीच्या तळाचा पत्रा जोडत उकिडवी बसले होते, ठिणगी निऱ्यांत कधी गेली कळलंच नाही. हे खाटेवरून ओरडले, "शालन, खाली बघ! खाली!" तोवर धूर. पाण्याची बादली ओतून घेतली. पोटरी भाजली. आत्याबाईंनी कोरफड लावली. सासू असून आईसारखी फुंकर घालत होत्या आणि वर बोलतपण होत्या, "असंच चाललं तर लुगडं बी न्हाय ऱ्हायचं आन् पाय बी."
हे शेडवरून पडले, मांडीचं हाड मोडलं, डॉक्टरांनी आत सळई बसवली, तेव्हापासून दुकानाच्या दारात खाट टाकून बसतात. कुबडी बाजूला. काय कुठं जोडायचं ते सांगतात. आधी मी नुसता अँगल धरायची. आता वेल्डिंगचा होल्डर माझ्या हातात.
पॅन्ट पाहिजे. लिहून टाकते, म्हणजे ठरलं.

१५ नोव्हेंबर
ह्यांची जुनी खाकी पॅन्ट दार लावून घालून बघितली. ह्यांची कंबर बारीक, पाय लांब. मांडीच्या वर सरकेना. दम धरून चढवली तर बटण लागेना.
बाहेरून, "काय करतीस गं आत?"
तशीच बाहेर आले, वर ह्यांचा शर्ट. वाटलं हसतील. हसायला सुरुवात पण केली होती मी.
"काढ ती."
एवढंच. काढली.

१७ नोव्हेंबर
कळंबचे तात्या आले. जर्सी गायी घेतल्यात, मोठा गोठा बांधायचाय. लोखंडी खांब, वर छपराच्या तिकोनी कैच्या, वर पत्रा. पाऊस गेल्यापासून असं काम आलं नव्हतं. ह्यांच्यावर त्यांचा जीव.
"मारुती, तुज्याच दुकानाचं काम पायजे मला. पर वर कोण चढणार आता?"
मीच म्हणाले, "मी चढते, तात्या."
तात्यांनी साडीकडे बघितलं. "अशी?"
"अशी न्हाय."
हे मधेच, "माणूस बघतो मी येखादा."
कुठला माणूस? दुकानात मदतीला दिलीप होता तो एमआयडीसीत लागला. सकाळी गाडीवरून जाताना हॉर्न वाजवतो, तेवढीच ओळख. आमच्या अंथुर्ण्यात दुसरा कोण होल्डर धरतो?
तात्यांना संक्रांतीच्या आत गोठा उभा पाहिजे. चहा घेऊन गेले. कप दोनदा विसळले. रागानं. हे माझ्याकडं न बघता मशीनची वायर गुंडाळत बसले. गुंडाळलेलीच होती ती.

२१ नोव्हेंबर
बारामती. बाजारामुळं एस.टी.त उभं राहायला जागा नाही.
रेडीमेडचं दुकान. "मालकांची कंबर सांगा, ताई." माझीच म्हटलं. गल्ल्यावरचा माणूस शेजारच्याकडं बघून हसला. घालून बघायला बायकांची सोय नाही म्हणे. मग आलेच कशाला मी?
टेलर. "बायकांचं माप आमी घेत न्हाय. नमुना आणा."
"नमुना असता तर तुमच्या दारात आले असते का?"
शेवटी टेप माझ्या हातात दिला. पडद्याआड माझं माप मीच घेतलं, तो तिकडं तोंड करून लिहीत होता. कंबर, सीट, उंची सांगून झाली. मग म्हणाला, आसन सांगा. म्हणजे पुढून कमरेपासून दोन पायांमधून मागं कमरेपर्यंत. गिऱ्हाईकं बसलेली. तोंडातल्या तोंडात सांगितलं. त्यानं काय ऐकलं, काय लिहिलं, देव जाणे.
कापड म्हणाला टेरिकॉट घ्या, फाटायचं नाव न्हाय, चुणी न्हाय. हाताला घट्ट लागलं. घेतलं.
येताना पोटरीची खपली बाजाराच्या पिशवीला घासून निघाली.

२८ नोव्हेंबर
आणली. उभी राहिले तर झकास. बसले की आसनात धरते. निम्मं वेल्डिंग उकिडवं बसून, आणि हिच्यात बसताच येत नाही. कमरेत मागं एवढी जागा की आत पान्हा ठेवावा. परकराची नाडी बांधून वर शर्ट सोडला.
ह्यांनी बघितलं आणि मान फिरवली. आत्याबाई म्हणाल्या, "मागनं बेंदराच्या बैलावानी दिसतीस." म्हटलं दिसू दे.

२९ नोव्हेंबर
साडी जळते. टेरिकॉट वितळतं. हे आज कळलं.
वितळून कातडीला चिकटलं. काढताना जे झालं ते लिहवत नाही. खाली पायाची मोहरी बाहेर दुमडून शिवली होती, त्या घडीत पण एक ठिणगी जाऊन बसली. घोट्याला फोड.
संध्याकाळी विचारलं, "तुमी कायम सुती खाकी घालायचा. टेरिकॉट चालत न्हाय हे तुमाला म्हाईत होतं का?"
"व्हय."
"मग सांगितलं का न्हाई?"
कूस बदलली. पायात सळई असताना त्या अंगावर झोपवत नाही त्यांना, तरी झोपले.
भाकरी थापताना परात आदळली. आत्याबाई म्हणाल्या, "परातीनं काय केलंय?"

१ डिसेंबर
लाईट नाही. बरं झालं. कोणाचं तोंड बघावंसं वाटत नाही.

३ डिसेंबर
आत्याबाईंनी मशेरी लावता लावता सांगितलं, इंदापुरात सुमनताई म्हणून आहे, बायकांना शिवणकाम शिकवते. "तिच्याकडं जा. ती माप घ्याया लाजायची न्हाय." आणि जुन्या घोंगड्याचा तुकडा दिला, सासऱ्यांची मेंढरं होती तेव्हाचा. गुडघ्याला लाव म्हणाल्या, लोकर पेट घेत नाही. मी बघत राहिले. हे पण ह्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं तर.
"आधी का न्हाय सांगितलं?"
"तू इचारलंस का?"

५ डिसेंबर
इंदापूर. जाड सुती खाकी घेऊन गेले. सुमनताई माझ्याच वयाच्या, बोलायला फटकळ. दार लावून घेतलं आणि म्हणाल्या, "बसा. तशा न्हाय, कामाला बसता तशा." उकिडवी बसवून आसनाचं माप घेतलं. मग स्टुलावर चढवलं, एक पाय वर उचलायला लावला, परत टेप. दोघी घामाघूम. मधेच हसायला लागलो ते थांबेना. किती दिवसांनी.
म्हणाल्या, "मी जन्मात पॅन्ट शिवली न्हाय. ब्लाऊज-परकर माझं काम. बिघडली तर शिव्या देऊ नका." उद्या सहा तारीख, त्या मुंबईला चालल्यात, आल्यावर कापणार.
घोंगड्याचा वास घेऊन म्हणाल्या, "अजून मेंढरू हाय ह्यात."

१२ डिसेंबर
आणली. बसली!
कंबर बरोबर, मागं झोळ नाही, उकिडवी बसले तरी कुठं ओढत नाही. गुडघ्यावर घोंगड्याचे चौकोन. जरा टोचतात, पण ठिणगी पडते आणि विझते. मोहरी दुमडलेली नाही. खिशाला झाकण. दिवसभर ट्रॉलीखाली होते, एकदा पण पायाकडं बघावं लागलं नाही.
सहज शिडी लावून पत्र्यापर्यंत चढले. पाय मोकळा पडतो का बघायला.
"उतर!"
इतक्या मोठ्यानं की रस्त्यावरची माणसं थांबली. उतरले. हे जेवले नाहीत. एवढा चांगला दिवस नासवला.

१४ डिसेंबर
धुतली. आटली.
घोट्याच्या वर चार बोटं गेली आणि आसनात परत धरते. कापड आधी भिजवून वाळवायचं असतं, ते मी केलं नाही, सुमनताईंनी विचारलं नाही. दगडावर आपटली आणि मोरीत बसून रडले. एवढं काय मागते मी? लुगड्याची, साडीची दुकानं पावलापावलाला. दोन पायांत घालायचं एक धड कापड, तेवढं मिळत नाही.
तात्यांचा निरोप: पुढल्या रविवारपर्यंत हो-नाही सांगा, नाहीतर बारामतीचा माणूस बघतो.

१६ डिसेंबर
इंदापूर. सुमनताईंनी पॅन्ट बघितली आणि कपाळाला हात लावला. "माजीच चूक. ब्लाऊजपीस भिजवते आन् हे कसं इसरले?" म्हटलं दोघींची. उरलेलं कापड तिथंच बादलीत बुडवलं, उन्हात वाळवलं, तव्यावर टाकायचं तेवढं बाकी ठेवलं. आसनात चौकोनी तुकड्याची कळी घातली, खाली पट्टी जोडली. नवं कापड गडद, जुनं फिकं. गोधडी दिसते. बसले, उठले, स्टुलावर चढले. कुठंच धरत नाही.
शेवटच्या गाडीनं आले. चप्पल तुटली. असू दे.

१७ डिसेंबर
ह्यांना दाखवली. घालून, त्यांच्यापुढं उभी राहून.
"ही बी नीट बसत न्हाई," म्हणाले.
"बसते."
"मागनं वडतीया."
"कुठं वडतीया? दावा."
हात पुढं केला, परत घेतला. "रंग बघ कसा झालाय."
मी भडकले. किती दिवसांचं साचलेलं. म्हटलं टेरिकॉटचं सांगितलं नाही, मला भाजू दिलं, प्रत्येक पॅन्टला खोट काढता, बायकोनं पॅन्ट घातली तर लोक हसतील एवढंच ना? हसू देत. मी जळू का?
ते पण ओरडले. "लोकांचं काय घिऊन बसलीस! प्यांट झाली की तू वर चढणार!"
आत्याबाई चुलीपासून उठून आल्या.
मग हळू, "मी पडलो तवा तू खाली हुतीस. तू बघितलंस. मला न्हाय बघायचं."
दूध उतू गेलं.

१८ डिसेंबर
मला वाटत होतं त्यांना लाज वाटते. महिनाभर त्या लाजेशीच भांडत होते.
तरीपण टेरिकॉटचं सांगायला पाहिजे होतं. त्यासाठी माफ केलेलं नाही. पोटरीवर डाग राहणार.

२२ डिसेंबर
कळंबला जाऊन तात्यांना हो सांगून आले. एकटीच गेले. परत आले तर ह्यांनी खडूनं फरशीवर कैचीचं चित्र काढून ठेवलेलं, मापं घालून. "अँगल असा कापायचा," म्हणाले. माझ्याकडं बघितलं नाही.

२ जानेवारी १९९७
गोठ्यावर पहिला दिवस. हे येणार नव्हते. टेम्पोत सामान भरलं आणि बघितलं तर पुढं ड्रायव्हरजवळ कुबडी घेऊन बसलेले.
गाव जमलं. ट्रॅक्टर थांबवून बघत होते. एक म्हातारा, "ही बाई कुठली रं?" तात्या म्हणाले, "मारुतीची मालकीण हाय." कोणीतरी शिट्टी मारली, तात्यांनी तिकडं बघितल्यावर थांबली. मी वर.
वर वारं. खालून वाटतं त्यापेक्षा जास्त. खांबाला पाय घालून बसता येतं, साडीत कधीच जमलं नसतं. पहिली कैची टाकली, वेल्डिंगचे टाके मारले. दुसरी घेतली. एका हातात होल्डर, दुसऱ्यानं अँगल दाबून धरलेला, आणि कमरेचा हूक तुटला.
पॅन्ट सरकायला लागली. हात सोडावा तर अँगल खाली माणसांवर. गुडघे आवळले. रागानं डोळ्यांत पाणी. एवढं केलं, एवढ्या फेऱ्या, आणि शेवटी हूक!
"अहो!" ओरडले. "हूक तुटला!"
खाली खसखस पिकली. हे हसले नाहीत. कुबडी टेकत आले, बाइंडिंग तारेचं वेटोळं वर फेकलं. पोचलं नाही. परत फेकलं, तोल जाता जाता राहिला. तिसऱ्यांदा माझ्या खांद्यावर पडलं.
"आधी टाका मार. अँगल धरला का? आता हात सोड. आता बांध. सावकाश."
टाका मारला. बांधली. तार पोटात रुतत होती. संध्याकाळपर्यंत तसंच काम केलं. "उतर" म्हणाले नाहीत. दिवसभर मान वर करून उभे होते. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.
घरी येऊन मांडीला तेल चोळत होते. सूज आलीये. म्हणाले, "वर भ्या वाटलं का?"
"न्हाय," म्हटलं. खोटं.
तेलाच्या बाटलीला बूच लावलं. मग, "मला रोज वाटायचं. चढताना बी, उतरताना बी. कुणाला सांगायचं?"
इतकी वर्षं खाली अँगल धरून उभी होते मी. मला वाटायचं ह्यांना वर जाताना मजा येते.
अजून निम्म्या कैच्या बाकी. उद्या येणार का विचारलं. बघवत न्हाय म्हणाले. जरा वेळानं म्हणाले, बघू.
हूक काढून टाकला. मोठं बटण लावत बसलेय.