साडेसातला तुटणारं नेट

पुणे,
९ जून २००८

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

मी इकडे बरी आहे. तुम्ही दोघं कसे आहात ते कळवावे. खरं तर हे पत्र लिहायची वेळच यायला नको होती. फोनवर आवाज फाटतो, काही समजत नाही, अशी तुमची तक्रार. म्हणून तर जानेवारीत मी तिकडे घरी कॉम्प्युटर आणून दिला आणि त्याला बिनतारी फोनचं नेट जोडलं. संध्याकाळी लिहून तरी बोलता येईल म्हटलं. आणि आता पंधरा मिनिटं झाली की तुम्ही मधूनच गायब! काल हळदीच्या बेण्याचं सांगता सांगता तुमचं वाक्य अर्ध्यावर राहिलं. मग मी फोन केला, तर तो नेहमीसारखा आईनंच घेतला.

बाबा, माझी नोकरीच ही आहे. लांबलांबच्या लोकांची बंद पडलेली नेटं मी दिवसभर फोनवरून सुरू करून देते, आणि घरचंच मला जमत नाही म्हणून शेजारच्या टेबलावरची शितल मला हसते. तेव्हा एवढं करा. स्वयंपाकघराच्या खिडकीतल्या फोनवर सिग्नलच्या किती काड्या दिसतात ते बघा. तिथून भिंतीच्या भोकातून बाहेरच्या खोलीत येणारी वायर उंदरानं कुरतडली नाही ना, तेही बघा. आणि नेट रोज किती वाजता तुटतं ते एका वहीत लिहून ठेवा.

आईला सांगा, लोणचं संपलं. तुमची माया आहे तशीच राहू द्या.

आपली,
प्रतिक्षा


पुसेगाव,
२१ जून २००८

चि. प्रतिक्षास बाबाचे पोटभर आशीर्वाद.

पत्र पावलं. तू सांगितलं तसं सगळं बराबर केलं. काड्या तीन होत्या. वायर बोटानं चाचपून पाहिली, शाबूत आहे. शिवशंकरनं, म्हणजे तुझ्या चुलतभावानं, छपरावर बांबू बांधून वर अँटेना चढवला. काड्या चार झाल्या, पण तकलीफ तीच.

वहीत बारा तारखेपासून लिहून राहिलो. साडेसात, सात पस्तीस, साडेसात, सात चाळीस. घड्याळ लावून घ्यावं असं तुटते. तेव्हा लाइटही गेलेली नसते. एक गंमत मात्र सापडली. दोन्ही गुरुवारी नेट एकदाही तुटलं न्हाई. तू कामात होतीस, तरी मी आठ वाजेपर्यंत पेपर वाचत बसलो. तुझी आई गुरुवारी दत्ताच्या भजनाला जाते, त्यामुळे चहाचं विचारणारंही कोणी नव्हतं. मला वाटते, कंपनीवाले गुरुवारी त्यांचा टॉवर नीट करत असतील. तू तिकडून चौकशी कर.

फोनचं म्हणशील तर त्यात अजूनही नुसतीच घरघर येते. सेटच खराब निघाला, दुसरं काय. माझ्या कोपराला लागलं त्याची काळजी करू नको. हिंगोलीला मोंढ्याच्या बाजारात पाय घसरला होता, एवढंच. जखम वाळली. हळदीची लागवड उरकली.

पोरी, जिवाला जप, आणि आमच्यावरचा जीव असाच ठेव.

तुझा बाबा,
ग्यानबा


पुसेगाव,
२८ जून २००८

लेकरा प्रतिक्षा, तुला आईचा लई लई आशीर्वाद.

मी सांगून राहिले आन् आपल्या अंगणवाडीची संगिता लिहून राहिली. ती कोणाजवळ बोलणार न्हाई. तुह्या बाबालाबी ह्या पत्राचं ठाऊक न्हाई.

माय, त्या नेटमंदी काई बिघाड न्हाई. वायर मी उपसते.

रागावू नको. तुमी दोघं त्या कंप्युटरच्या पाटीवर लिहून बोलता. बाबा वाचून गालात हासतात. काय म्हणली पोरगी, असं इचारलं की म्हणतात, बरी हाय. एवढा वेळ लिहिलं, आन् बरी हाय एवढंच? मला त वाचता येत न्हाई. नेट चालू असलं की फोनबी वाजत न्हाई. होळीच्या टायमाला खिडकी पुसताना माहा हात लागून वायर निघाली. नेट तुटलं, आन् दोन मिनिटात तुहा फोन आला, काय झालं म्हणून. किती दिवसानं तुहा आवाज ऐकला! दुसऱ्या दिवशी मंग मी मुद्दाम काढली. तवापासून भाकरी झाल्या की काढते, तुह्याशी बोलणं झालं की परत लावते. बाबा बिचारे छपरावर बांबू बांधून राहिले, तवा मला लई वाईट वाटलं. पण सांगायला तोंड झालं न्हाई.

दुसरं सांगते, ते नीट ऐक. फोन खराब न्हाई. मला तुहा एकएक शब्द ऐकू येते. बाबाचे कान गेले. दोन वर्सं झाले. चावडीवर बसणं सोडलं, लग्नाकार्याला जाणं सोडलं. मोंढ्यात पाय घसरला न्हाई. मागून ट्रॅक्टर आला, हॉर्न वाजवून वाजवून डायवर थकला, ह्यायला पत्ताच न्हाई. हमालानं ओढलं म्हणून वाचले, कोपरावर निभावलं. पोरीला सांगशील त माह्या गळ्याची शपथ, असं म्हणले. मी शपथ मोडली. आता तूच काय ते कर.

लोणचं बरणीत भरून ठेवलं हाय. तुही आठवण मनातून हालत न्हाई.

तुही आई,
शालूबाई


पुणे,
४ जुलै २००८

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र संगिताताईंच्या पत्त्यावर पाठवतेय. ताई, तुम्ही आईला वाचून दाखवाल, तुमचे आभार कसे मानू!

आई, तुझं पत्र ऑफिसच्या जिन्यात उभी राहून वाचलं. वायरीचं वाचून हसले, आणि पुढचं वाचता वाचता जिन्यातच खाली बसले. तुला एक सांगितलेलं नाही. मागच्या दिवाळीआधी मला टायफॉइड झाला होता, तीन दिवस दवाखान्यात होते. तू घाबरशील म्हणून फक्त बाबांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, वा वा, छान झालं. मी महिनाभर त्यांच्यावर रुसले होते. वाटलं, बाबांना माझं काहीच वाटेनासं झालं. त्यांना ऐकूच आलं नव्हतं, आई.

आणि बाबांशी लिहून झालं की घरी बोलणं झालं, असं मी धरून चालले. माझ्याशी बोलायला तुला वायर उपसावी लागली, याची मला फार लाज वाटते.

रजा मंजूर झाली. शनिवारी, बारा तारखेला सकाळी येते. बाबांना इतकंच सांग की पोरगी नेट दुरुस्त करायला येतेय. बाकीचं मी बघते. तोवर खुशाल वायर काढ, मी रोज फोन करीन.

तुझा हात डोक्यावर असू दे.

तुझीच,
प्रतिक्षा


पुसेगाव,
१० ऑगस्ट २००८

चि. प्रतिक्षास बाबाचे अनेक आशीर्वाद.

आता नेट बराबर चालते, मग पत्र काहून, असं तू म्हणशील. तुझी आई पाटीसमोर माझ्या शेजारीच बसते आणि प्रत्येक अक्षर मोठ्यानं वाचायला लावते. तिच्याबद्दल काही लिहायचं तर कागदच बरा.

नांदेडहून मागवलेलं कानाचं मशीन हिंगोलीच्या डॉक्टरनं बसवून दिलं. पहिले दोन दिवस भांड्यांच्या आवाजानं जीव नकोसा झाला. मी दोन वर्षं लपवलं, कारण माणसाला ऐकू येत न्हाई म्हणलं की घरात त्याला कोणी काही विचारत न्हाई, असं मी माझ्या बापाच्या बाबतीत पाहिलं होतं. तू आलीस तेव्हा तुझ्यावर ओरडलो, ते मनात ठेवू नको. वायरीचं समजल्यावर आईवरही चिडलो होतो. ती दिवसभर बाहेरच्या खोलीत आली न्हाई. संध्याकाळी मीच दुसरी खुर्ची मांडली आणि तिला बोलावलं.

तू ठरवून दिलं तसं आता साडेसातला आईचा फोन, आठला नेट. पण काल तिला लिहून विचारायची हौस आली. ती सांगत गेली, मी टाइप करत गेलो. माझी बोटं मागं पडली की ती चिडायची. तिचा पहिला प्रश्न तुला मिळालाच आहे. तुझ्या खोलीच्या खिडकीतून काय दिसते?

तू लिहिलंस. दोन बिल्डिंगींच्या मधी बदामाचं झाड, समोरच्या गॅलरीत पापड वाळवणाऱ्या एक बाई, त्या तुला रोज हात करतात. मी वाचून दाखवलं. ती म्हणाली, पुन्हा वाचा. पुन्हा वाचलं. मग डोळे पुसून ती म्हणाली, त्या बाईंचं नाव इचारा. तू लिहिलंस, ठाऊक न्हाई, विचारून सांगते.

सात महिने मी तुला पाऊस आणि हळदीचंच सांगत बसलो होतो, पोरी. तेवढं त्यांचं नाव कळव. ती सकाळपासून दोनदा विचारून गेली.

आम्हा दोघांचा जीव तुझ्यात आहे, तुझाही आमच्यात असू दे.

तुझा बाबा,
ग्यानबा