पळसाच्या मुंडावळ्या

माय, तू जाऊन इतकी वर्षं झाली की तुला पाहिलेली माणसंही आता उरली नाहीत. म्हणजे तुझ्याबद्दल कुणी काहीबाही बोललं तर त्याला अडवणारी मी एकटीच. परवा नातीच्या लग्नातल्या फुलांवरून घरात बोलणं निघालं. कुणी गुलाब म्हणालं, कुणी शेवंती, आणि माझ्या धाकट्या जावेने सगळ्यांसमोर हसत हसत सांगितलं की हिच्या लग्नात हिच्या आईच्या अंगात आलं होतं. ती त्या मांडवात नव्हतीच, सासरी ऐकलेलं तेवढं तिला ठाऊक. मी तिला काय बोलले ते इथे लिहीत नाही, पण सून अजून माझ्याशी तुटक वागते आहे. डोकं तापलं आहे म्हणून लिहायला बसले. तुला वाचता येत नव्हतं, ते माहीत आहे मला.

तो चैत्र माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. मी सात-आठ वर्षांची असेन. नीट उजाडलेलं नाही आणि आपण दोघी मोहफुलं वेचायला आलो आहोत. झाडाखाली फुलांचा सडा पडला आहे आणि त्यात कुणीतरी आधीच बसलेलं आहे. मला वाटलं, शेजारची म्हातारी घोंगडी पांघरून बसली आहे. अस्वल उठलं तेव्हा तू आधी मला लाथ घातलीस, मी थेट नाल्यात जाऊन पडले अशी लाथ. "पळ वं, पाहू नको," एवढंच ओरडलीस. मी पाहिलं. त्याने तुझं तोंड धरलं होतं आणि तू कमरेचा विळा काढून त्याच्या मानेवर घाव घालत होतीस, लाकूड फोडावं तसे, एकामागून एक. ते गुरगुरत होतं आणि तूही गुरगुरत होतीस. शेवटी ते गेलं, पण तुझा डावा डोळा आणि अर्धा गाल घेऊन गेलं. मी रडत होते, तर तू रक्ताने भरलेल्या हाताने माझ्या थोबाडीत दिलीस. "रडून कायले राह्यली? मले धर अन् घरी ने." मी तुला धरलं. तू पडत होतीस, उठत होतीस, आणि प्रत्येक वेळी मलाच शिव्या देत होतीस.

जखमा भरल्या, पण त्यानंतर कुठलाही गोड, दाट वास आला की तू बिघडायचीस. बाजारात उदबत्त्या विकणाऱ्याला तू दगड मारलेस. चैत्रात सगळं गाव वाळत घातलेल्या मोहाने घमघमायचं तेव्हा तू निंबाच्या तेलाचं फडकं नाकाला बांधून फिरायचीस आणि समोर येईल त्याच्या अंगावर जायचीस. बाबांनीही मार खाल्ला आहे. गावाने ठरवून टाकलं की अस्वलाबरोबर काहीतरी तुझ्या अंगात शिरलं. खरं काय ते तू फक्त मला सांगितलंस, माझं लग्न ठरल्यावर, चुलीपाशी भाताची पेज काढताना. "मोहा खाऊन आलं होतं ते. तोंडाले तोंड लावलं त्यानं माह्या. असा वास आला का मले वाटते, आलं." मग खाली बघत म्हणालीस, "तुह्या लग्नात वासाचं फूल नको येऊ देऊ पोरी. पळस घे. दिसते लाल अन् वास काई नाई."

खरं सांगायचं तर मला पळस नको होता. पळस गुरं राखणारी पोरं कानात खोचतात, होळीला त्याचा रंग करतात, तो नवरीच्या कपाळावर कोण बांधतं? पण तू कुणापुढे काही मागितलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. मी हो म्हणाले. बाबांनी चांदा शहरात नवरदेवाकडे निरोप धाडला की फुलं आमच्याकडची राहतील, तुम्ही आणू नका. का ते सांगितलं नाही, सांगितलं असतं तर सोयरीक मोडली असती. त्या लोकांना वाटलं, गरीब माणसं संकोचाने असं म्हणतात. म्हणून त्यांनी टोपलीभर मोगरा आणला.

आणला तो नवरदेवाच्या मामाने. त्या साली चांद्याला नुकता फुललेला पहिला मोगरा, अहेरीपर्यंत मोटारीत मांडीवर, पुढे छकड्यात ओल्या फडक्याखाली जपून. नवरी हरखेल असं वाटलं असेल त्याला. वाईट माणूस नव्हता, आणि म्हणूनच मला त्याचा आजही जास्त राग येतो. तू माझ्या कपाळावर पळसाच्या मुंडावळ्या बांधत होतीस. त्याने टोपली दारात ठेवली आणि फडकं ओढलं. कोपऱ्यात हळद कुटायचं मुसळ होतं. पहिला घाव टोपलीवर पडला, दुसरा मामाच्या खांद्यावर. तो खाली बसला तरी तू टोपली कुटतच राहिलीस, आणि कळ्यांचा जसजसा लगदा झाला तसतसा वास वाढत गेला, आणि वास वाढला तशी तू आणखी जोरात कुटू लागलीस.

वऱ्हाडातल्या पुरुषांनी तुला केसांना धरून मांडवात ओढलं आणि बैलाच्या कासऱ्याने मेढीला बांधलं. कुणी मिरच्यांची धुरी द्या म्हणालं. मामा खांदा धरून उठला. "मिरच्या नोका. देवाचं फूल नाकाले लावा, उतरते." आणि त्याने तो चुरडलेला मोगरा मुठीत घेऊन तुझ्या फाटक्या तोंडावर दाबला. बाबा हात जोडून नुसते उभे होते. तू जो आवाज काढलास तो मी त्याआधी एकदाच ऐकला होता, त्या नाल्यात.

मी मुसळ उचललं. मामाच्या मनगटावर घातलं, हाड मोडल्याचा आवाज आला आणि मला बरं वाटलं. दुसऱ्या कुणी माझा दंड धरला, त्याला मी चावले. "तिच्या अंगात काई नाई," मी ओरडले. "अस्वलाच्या तोंडाले मोह्याचा वास होता. तुमी तेच अस्वल आणून तिच्या तोंडावर दाबून राह्यले. सोडा तिले, नाईतर मले हे लगन नाई कराचं." म्हणताना मला पुरतं कळत होतं की लग्न गेलंच. त्या काळी मांडवात मोडलेल्या लग्नाच्या पोरीला कोण विचारत होतं, आणि मुसळ चालवणारीला तर कुणीच नाही.

मग नवरदेवाने गळ्यातला मोगऱ्याचा हार काढला, मांडवाबाहेर लांब भिरकावला आणि तुझ्यापाशी बसून कासरा सोडू लागला. गाठ सुटेना तेव्हा त्याने ती दातांनी सोडली. मग बाशिंग सावरत मला म्हणाला, "मंग मी काय घालू?" मी कपाळावरच्या मुंडावळ्या तोडल्या आणि अर्ध्या त्याला दिल्या. मामा आणि अर्धं वऱ्हाड तिथूनच माघारी गेलं. उरलेल्यांत लग्न लागलं.

मी पाया पडायला वाकले तर तू मला उभं करून थोबाडीत दिलीस. "पावण्याचा हात मोडते काऊन वं? सासरी कोण सुखानं खाऊ देईन तुले?" आणि त्याच हाताने माझं डोकं छातीशी दाबून धरलंस. तुझं म्हणणं खरं झालं. सासूने त्या मनगटाची किंमत बरीच वर्षं माझ्याकडून वसूल केली. नवऱ्याने मात्र शेवटपर्यंत घरात वासाचं फूल आणलं नाही, तू गेल्यानंतरही नाही. मी त्याला कधी आण म्हणाले नाही.

काल नात एकटी माझ्याजवळ येऊन बसली. "आजी, मला मोगरा हवा आहे. तुला विचारू नको म्हणतात सगळे." मी चालेल म्हणाले. ती आनंदाने धावत गेली आणि मी दार लावून घेतलं.

हा कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणूनच लिहिता येतं आहे. मला मोगरा आवडतो, माय. त्या दिवशी मामाने फडकं ओढलं तेव्हा मी डोळे मिटून तो वास पोटभर आत घेतला होता. तू किंचाळलीस तेव्हा तो माझ्या छातीतच होता.