शुक्रवारच्या बदल्यात रविवार

४ ऑगस्ट
भरली एकदाची कॉलेजच्या पहिल्या सत्राची फी! पास झाले तर फौज अर्धी परत देणार, नापास झाले तर सगळी माझ्या बोकांडी. घरी पाठवते त्यातूनच कापावी लागली. आईला फोनवर सांगितलं. तिनं आधी फी किती ते विचारलं. मग म्हणाली, "शीक गं बाई. आमचं भागेल." पदवी हातात आली की इथून सुटायचं, घराजवळ नोकरी बघायची. आणि आपल्या खोलीत, आपल्या पलंगावर, ऊन अंगावर येईपर्यंत लोळायचं. एवढंच हवंय मला. जास्त मागतेय का?

११ ऑगस्ट
पहिला वर्ग. वर्कशॉपमधून थेट गेले. गणवेशातच, नखांत ग्रीस. सरांनी हजेरी घेतली, माझं नाव आलं आणि मी ताडकन उभी! टाचा जुळवून, छाती काढून — "हजर, सर!" सरांच्या हातातला खडूच पडला. अख्खा वर्ग फिदीफिदी. मेल्याहून मेल्यासारखं झालं. तास संपेपर्यंत माझ्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्याच.

२ सप्टेंबर
वर्गासाठी शुक्रवारची संध्याकाळ मोकळी हवी, पण ती इथे फुकट मिळत नाही. जिच्याकडून शुक्रवार घ्यायचा, तिचा रविवारचा पहारा आपण करायचा. बराकीतला जुना व्यवहार! त्यामुळे रविवारी सगळ्या सिनेमाला आणि मी फाटकावर. माझ्या खोलीतली — भोंगा म्हणतो आम्ही तिला, आवाजच तसा — आज म्हणाली, "तुला आता विचारतच नाही आम्ही. तू काय, कायमची फाटकावरची!" हसत म्हणाली. मीही हसले. मग न्हाणीघरात जाऊन रडले.

३ सप्टेंबर
संख्याशास्त्र डोक्यावरून जातंय.

१९ ऑक्टोबर
सुट्टी मिळत होती! उड्या मारत आईला फोन केला. तर म्हणाली, "आत्ता नको येऊस. परीक्षा तोंडावर आलीय ना?" म्हटलं, अगं, माझ्या खोलीत बसून करीन की अभ्यास. "नको म्हटलं ना!" — एकदम खेकसली. मग लगेच, "जेवलीस का?"
बाकीच्यांच्या आया वाटेकडे डोळे लावून बसतात. माझ्या आईला मी नकोच झालेय बहुतेक. सुट्टी भोंग्याला दिली. ती गेली आणि खोली सुनी झाली. तिचं घोरणंसुद्धा हवंसं वाटतंय, म्हणजे बघा!

८ डिसेंबर
पेपर दिला. शेवटचं गणित सुटलं. बहुतेक.

६ जानेवारी
पास! पास पास पास!! वर्कशॉपचे साहेब म्हणाले, "आता पाना सोडून खुर्ची मागणार वाटतं!" पण लगेच सुट्टीच्या अर्जावर सही केली. आईचा फोन लागेना. भोंगा कवायतीला. सांगायचं कुणाला? ट्रकखाली सरपटत गेले आणि इंजिनालाच ओरडून सांगितलं. तेल गळलं कपाळावर.

७ जानेवारी
आईनं शेवटी सांगितलं. माझी खोली भाड्याने दिलीय. मी पैसे कमी पाठवायला लागले तेव्हापासूनच. एक मुलगी राहते, कॉलेजात शिकते. "तू ये गं. बाहेरच्या खोलीत गादी घालते तुला. फक्त जरा हळू बोलायचं, तिची परीक्षा आहे."
म्हटलं, होऊ दे तिची परीक्षा. मग येते.